भाव कोणाचा वाढला?

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबच्या बाजार समितीच्या आवारात एका आडत दुकानावर मी हिशेबाचं काम करत आलो. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी करायची, हमाली-तोलाई वजा घालायची, आधी उचल नेली असेल तर ती मांडायची आणि उरलेली रक्कम त्याच्या हवाली करायची. या कामाला अर्थशास्त्र लागत नाही. तरी आर्थिक बातम्या वाचण्याची सवय मला इथंच लागली, कारण पट्टी हातात घेताना जवळजवळ प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारायचा. उरलेला माल "इकावं का ठिवावं?"

प्रश्न तीन शब्दांचा, पण त्यात शिकागोचा बाजार, दिल्लीतलं आयात शुल्क, कोंबड्यांचं खाद्य, सोसायटीचं कर्ज आणि पोरीचं लग्न असं सगळंच येतं. पुढचा भाव छातीठोकपणे सांगणारी माणसं बाजारात पुष्कळ भेटतात. मी कधी तसं सांगितलं नाही. मात्र विचारणाऱ्याला निदान आज काय चाललंय ते नीट समजावं, एवढं आपल्याला आलं पाहिजे असं वाटायचं. त्या ओढीनं पेपरातलं बाजाराचं पान वाचायला लागलो, नंतर मोबाइलवर पणन मंडळाचे दर, मग रिझर्व्ह बँकेच्या घोषणा आणि महागाईचे आकडे. या वाचनानं आणि त्याहून जास्त पट्टीसाठी आलेल्या माणसांनी जे शिकवलं, ते मांडावंसं वाटतं.

पहिला धडा भावाचाच. नवं सोयाबीन येऊ लागलं की एखाद्या बाजारात पोत्याला हार घालून मुहूर्ताचा सौदा निघतो. त्या एका पोत्याला हौसेनं चढा भाव मिळतो आणि दुसऱ्या दिवशी तोच मथळा होतो. शिराढोणकडचे एक आप्पा असाच मथळा मोबाइलमध्ये घेऊन दुकानावर आले होते. ट्रॉलीत पावसात भिजलेलं सोयाबीन होतं. सौद्यात निघालेला भाव ऐकून त्यांना वाटलं, आपल्याला लुटलं. मी त्यांना शेजारी बसवून त्या बाजाराची नोंद दाखवली. बाजार समितीच्या नोंदीत आवक असते, किमान दर असतो, कमाल दर असतो आणि सर्वसाधारण दर असतो. मथळ्यात कमाल दर येतो, बहुतेकांच्या मालाला मिळतो तो सर्वसाधारण दर. शिवाय तेल काढणाऱ्या प्लांटचा जाहीर भाव असतो १०-२-२ च्या मालाला, म्हणजे ओलावा १० टक्के, माती-काडीकचरा २ टक्के आणि डागी दाणा २ टक्के. तो माल प्लांटच्या दारात पोचवून द्यायचा असतो, त्यामुळे वाटेतलं भाडं आणि हमाली त्यातूनच जाते.

आप्पांचा भाव त्यामुळे वाढला नाही. पण राग गेला आणि राहिलेला माल वाळवून, चाळून आणायचं त्यांनी ठरवलं. त्या दिवसापासून कोणताही आकडा ऐकला की मी विचारतो, हा कोणत्या मालाचा, कुठं पोचवलेल्या मालाचा आणि किती पोत्यांचा?

किती पोत्यांचा, हे महत्त्वाचं का ते २०२१ सालानं दाखवलं. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेलं. टीव्हीवर शेतकऱ्यांची चांदी झाली अशा बातम्या आल्या. आमच्या आवारात त्या दिवसांत आवक नावालाच होती. आमच्याकडच्या बहुतेक घरांनी माल दिवाळीच्या आसपासच, हमीभाव ३,८८० असताना, चार हजारांच्या आगेमागे विकून टाकला होता. खतवाल्याची उधारी आणि रब्बीची पेरणी कोणासाठी थांबत नाही. भाव विक्रमी होता, पण ज्यांच्या नावानं बातमी छापली जात होती त्यांच्या घरात विकायला पोतं नव्हतं. भावाच्या बातमीशेजारी आवक वाचायची सवय मला तिथं लागली.

त्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. कोंबडीपालन करणाऱ्यांचं खाद्य परवडेनासं झालं होतं, त्यांची ती मागणी होती. पुढं नवा माल बाजारात आला तेव्हा भाव पाच हजारांच्या घरात आला होता. तरुण पोरं विचारायची, आयात तेलाची व्हायची, ही पेंड मधेच कुठून आली? हा प्रश्न मला सोयाबीनच्या आत घेऊन गेला. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण १८ किलो आणि पेंड निघते ८० किलोच्या आसपास. आपण सोयाबीनला तेलबिया म्हणतो आणि तेलाच्या बातम्या वाचतो. पण त्याचा भाव मोठ्या प्रमाणावर पेंडीवर ठरतो, आणि पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशात.

हे कळल्यावर २०२४ची एक मोठी बातमी मला वेगळी वाचता आली. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के झालं. शहरातल्या पेपरांत मथळा होता, ऐन सणात तेल महागणार. आमच्या आवारात त्याच बातमीवर लोक आनंदले, आता सोयाबीन सहा हजार होणार. दोन्ही मंडळींनी एकच बातमी वाचली होती. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. समजा तेल किलोमागं दहा रुपयांनी वाढलं, तर एका क्विंटलच्या अठरा किलो तेलातून १८० रुपये वाढले. पण त्याच वेळी पेंड किलोमागं पाच रुपयांनी उतरली, तर ऐंशी किलो पेंडीतून ४०० रुपये गेले. पेंड तेव्हा उतरलेलीच होती. जगात सोयाबीनचं पीक भरपूर होतं आणि इथेनॉलच्या कारखान्यांतून मका-तांदळाचा उरलेला चोथा स्वस्त खाद्य म्हणून बाजारात येत होता. त्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बहुतेक बाजारांतले दर त्याच्या खालीच राहिले. तेल मात्र महागलं.

त्या दिवाळीत आमच्या भागातल्या घराघरात ही गोष्ट घडली. सोयाबीन विकून आलेला माणूस त्याच पैशातून तेलाचा डबा घरी नेत होता. विकताना कमी मिळालं आणि घेताना जास्त द्यावं लागलं. मला जे सगळ्यांत मोलाचं वाटतं ते याच अनुभवातून आलं. आपल्या जिल्ह्यातलं घर एकाच वेळी विकणारंही असतं आणि विकत घेणारंही. आर्थिक बातमी मात्र बहुधा विकत घेणाऱ्याच्या दारात उभी राहून लिहिलेली असते. म्हणून ती दोनदा वाचावी, एकदा विकणारा म्हणून आणि एकदा घेणारा म्हणून. दोन्ही वाचनं मनात ठेवली तरच ती आपल्या घराची बातमी होते.

महागाईच्या आकड्याला हे सगळ्यांत जास्त लागू पडतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली की आदल्या महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आला, २०१२च्या पायावरच्या मालिकेतला सगळ्यांत कमी. जेवताना घरच्या मंडळींनी विचारलं, "एवढी महागाई कमी झाली तर किराण्याचं बिल कमी का येईना?" प्रश्न अगदी बरोबर होता. महागाईचा दर कमी होणं म्हणजे वस्तू स्वस्त होणं नव्हे. दर सांगतो, गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा किमती किती वाढल्या. चार वर्षांत जे चढून बसलं ते तिथंच राहतं, त्याच्यावर नवी भर कमी पडली एवढंच. शिवाय तो आकडा शेकडो वस्तूंचा मिळून केलेला असतो. त्या महिन्यात भाज्या आणि डाळी वर्षभरापूर्वीपेक्षा स्वस्त होत्या, खाद्यतेल महाग होतं आणि सोनं तर हाताबाहेर गेलं होतं. ज्या घरात लग्न ठरलं होतं त्या घराची महागाई पाव टक्का नव्हती.

मग तीच बातमी विकणारा म्हणून वाचली. त्या महिन्यात खाण्याच्या वस्तूंची महागाई उणे पाच टक्के होती. शहरातल्या पगारदाराला तो दिलासा. पण डाळ स्वस्त झाली म्हणजे आपली तूर, आपला हरभरा, आपला मूग कोणीतरी कमी भावात घेतला. तुरीची आयात शुल्काविना चालू होती, पिवळ्या वाटाण्याचे लोंढे येऊन गेले होते. एका वयस्कर शेतकऱ्यांना हे सांगत होतो तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी ही महागाई कमी झालीया ती आमच्या पदरातनं." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

तुरीनं आधीही असाच धडा दिला होता. २०१५च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. मराठवाड्यात तेव्हा दुष्काळ, तूर पिकवणाऱ्याच्याच घरात तूर नव्हती. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि गेल्या वर्षीचा भाव डोळ्यांसमोर ठेवून देशभर सगळ्यांनी तूर पेरली. उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं, खुल्या बाजारात भाव ५,०५० च्या हमीभावाखाली गेला आणि खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. बोनस धरून जाहीर झालेला तो भाव कागदावर होता, पण मापात आपला नंबर लागेपर्यंत घराला थांबता येत नव्हतं.

सोयाबीनमध्येही तेच घडलं. २०२१च्या हंगामात ज्यांनी माल धरून ठेवला त्यांना पुढच्या वसंतात सात हजारांच्या आसपास भाव मिळाला. ते पाहून दुसऱ्या वर्षी गावंच्या गावं थांबली. भाव पाच-साडेपाच हजारांवर अडला आणि २०२३च्या पावसाळ्यापर्यंत आणखी खाली आला. आमच्या एका जुन्या शेतकऱ्यानं दोन्ही वर्षी सारखीच वाट धरली होती. माल तीन भागांत विकायचा. पहिला देणं भागवण्यापुरता लगेच, दुसरा दिवाळीनंतर, तिसरा धीर असेल तोवर. कोणत्याच वर्षी त्यांना सर्वांत वरचा भाव मिळाला नाही, आणि कोणत्याच वर्षी त्यांचं घर अडचणीत आलं नाही. गेल्या वर्षीचा भाव हा घडून गेलेल्या गोष्टीचा दाखला असतो आणि तो आपल्यासारखाच सगळ्यांनी वाचलेला असतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पैशाची नड असेल तर कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजानं सहा महिने कर्ज मिळतं. हे मी दर हंगामात सांगतो. भावाच्या अंदाजाची चर्चा सगळीकडे होते, या योजनेची फार कमी होते.

व्याजाच्या बातमीचीही अशीच गोष्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना कर्ज देण्याचा आपला रेपो दर साडेसहावरून सव्वासहा टक्के केला. बचत गटातल्या दोघी दुकानावर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "दादा, व्याज कमी झालं म्हणत्यात, आमचा हप्ता कमी हुईल का?" त्यांचं कर्ज एका छोट्या कर्ज देणाऱ्या कंपनीचं होतं. रेपो कमी झाला की घरासारख्या बदलत्या दराच्या कर्जाचा हप्ता उतरतो. यांचा दर ठरलेला होता, तो उतरणार नव्हता. पण त्यांच्या कागदावर मला दुसरी गोष्ट दिसली. दर बारा टक्के सांगितला होता, तो सरसकट. दहा हजारांचं उदाहरण घेऊन मी त्यांना समजावलं. बारा टक्क्यांनी वर्षाचं व्याज १,२००, मिळून ११,२००, महिन्याला ९३३ चा हप्ता. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत जातं. वर्षभरात सरासरी साडेपाच हजारांच्या आसपास रक्कम त्यांच्याकडे राहते आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर. खरा दर पडतो एकवीस टक्क्यांच्या पुढं. कर्जाच्या माहितीपत्रकावर वार्षिक दर लिहून द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. दोघींनी पुढच्या वेळी आधी तो आकडा मागितला आणि बँकेमार्फत मिळणाऱ्या गटाच्या कर्जाशी ताडून पाहिला. रेपोच्या बातमीचा त्यांना थेट उपयोग शून्य होता, पण त्या बातमीनं त्यांना स्वतःचा कागद उघडायला लावला.

शेतकऱ्यांनाही मी हेच सांगतो. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. त्याच्यासाठी रेपो दरापेक्षा फेडीची तारीख मोठी.

मदतीच्या बातमीचंही तसंच. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आठवली की अजून पोटात कालवतं. मांजरा, तेरणा, सीना या नद्यांच्या काठची उभी पिकं पाण्याखाली गेली, परंडा-भूमकडं तर माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. नोंदीत तो पाऊस सरासरीपेक्षा जास्त असा लिहिला गेला. सरासरीचा आकडा पाऊस कधी आणि किती तासांत पडला हे सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आवारात कोणी म्हणालं, एवढे कोटी म्हणजे आता सगळ्यांचं भागलं. मी पुन्हा कागद घेतला. कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८,५००, त्यात साडेआठ हजार नुकसानीचे आणि दहा हजार रब्बीच्या बियाण्यासाठी, मर्यादा तीन हेक्टर. म्हणजे एकरी साडेसात हजारांच्या आत. ज्याचं एक एकर सोयाबीन गेलं, त्याचं बियाणं, खत, फवारणी आणि नांगरट यातच किती गेलं होतं हे त्याला ठाऊक असतं. मदत मिळाली ती उपयोगी पडलीच. पण कोटीतली बातमी एकरावर उतरवली की अपेक्षा जमिनीवर येते, आणि मागणी करायची असेल तर तीही नेमकी करता येते.

हे सगळं मला शेतकऱ्यांच्या बाजूनं समजत गेलं, तरी माझं वाचन अपुरं आहे हे दाखवलं आवारात माल चाळायला येणाऱ्या एका मावशींनी. त्यांना शेत नाही. घरातली दोन माणसं दर वर्षी ऊसतोडीला जातात. सोयाबीन चढलं होतं, सगळे खुशीत होते, तेव्हा चाळणी हलवता हलवता त्या म्हणाल्या, "भाव वाढला म्हून समदी हासत्यात. आमची मजुरी कवा वाढंल?" त्यांच्याकडे विकायला फक्त दिवस आहे. तेल त्या छोट्या पिशवीतलं घेतात, डाळ पावशेरानं. महागाईच्या निर्देशांकात २०१२च्या पायावर खाण्यापिण्याचा वाटा ग्रामीण भागात ५४ टक्के धरला होता आणि शहरी भागात ३६. मावशींच्या घरात तो त्याहूनही मोठा. डाळ स्वस्त होणं त्यांच्यासाठी खरोखर चांगली बातमी होती, जी माझ्या शेतकऱ्यांसाठी वाईट होती. त्या दिवसानंतर माझ्या दोन वाचनांत तिसरं आलं, ज्याच्या हाती फक्त मजुरी आहे त्याचं. आयात बंद करा, असं सरसकट म्हणणं मग मला जमेना. शेतकऱ्याला भाव मिळावा आणि मजुराला डाळ परवडावी, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची सांगड घालणं हेच तर धोरणाचं काम, आणि ते होतंय का हे बघायला आकडे वाचता आले पाहिजेत.

देशाची अर्थव्यवस्था अमुक टक्क्यांनी वाढली, ही बातमी वाचून तरुण मुलं चिडतात. म्हणतात, खोटं आहे सगळं. मी त्यांना सांगतो, खोटं म्हणू नका, कोणाची वाढ ते शोधा. देशात जवळजवळ निम्मे हात शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी. कारखाने आणि सेवा वाढल्या की आकडा वाढतो, धाराशिव जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात तो पोचेलच असं नाही. २०१८ मध्ये नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते आणि त्यांतला एक आपला. हाही आकड्यांवरूनच निघालेला निष्कर्ष. आकडे नाकारले तर आपलं मागासपण सिद्ध करायचं साधनही हातातून जातं. चिडून पेपर फेकणाऱ्या मुलापेक्षा जिल्ह्याचा आकडा घेऊन ग्रामसभेत उभा राहणारा मुलगा गावाच्या जास्त कामाचा.

मला एका गोष्टीची तळमळ आहे. आपल्या शाळांत मुलं शेकडेवारी शिकतात, चक्रवाढ व्याज शिकतात, पण बापाच्या हातातली पट्टी आणि आईच्या गटाचं हप्तापत्रक त्यांच्यासमोर कोणी ठेवत नाही. दहावीच्या वर्गात एक तास बाजार समितीच्या दरफलकावर घालवला, तर किमान, कमाल आणि सर्वसाधारण यांतला फरक ती मुलं जन्मभर विसरणार नाहीत. वर्तमानपत्रांनाही माझी विनंती आहे. तेलावरचं शुल्क, डाळीची आयात, महागाईचा दर अशी बातमी छापताना ग्राहकावर काय परिणाम होईल हे लिहिताच, त्याखाली पिकवणाऱ्यावर आणि मजुरावर काय होईल याच्या दोन ओळी द्या. त्या दोन ओळींसाठी फार जागा लागत नाही. सोयाबीन घेऊन कळंबला, लातूरला किंवा बार्शीला निघालेल्या माणसाला मात्र त्यांचा मोठा आधार होईल. कारण त्याला भविष्य सांगणारा नको असतो, आजचा हिशेब स्वतः मांडता यावा एवढंच त्याला हवं असतं.